डेटाबेसच्या लॉकचं डॉक्युमेंट लिहितोयस ना, मग हे वाच

अरे, ड्राफ्ट वाचला तुझा. मेहनत दिसते, पण पहिलं दीड पान टेबल लॉकचे (एकाचं काम संपेपर्यंत दुसऱ्याला थांबवणारी कुलपं) ८ प्रकार सांगण्यातच गेलंय बघ. हे उघडणार कोण? सोलापुरात गड्ड्याची यात्रा तोंडावर, चादर-टॉवेलची बिलं धडाधड निघतायत, मधेच स्क्रीन अडकली, एमआयडीसीतनं मालकाचा फोन आला आणि सपोर्टला बसलेलं नवीन पोरगं घामाघूम झालंय, ते उघडणार. त्याला पहिल्या ओळीत एकच क्वेरी दे: पीजी_स्टॅट_अॅक्टिव्हिटी (कोण काय चालवतंय ते) आणि सोबत पीजी_ब्लॉकिंग_पिड्स (कोणाला कोणी अडवलंय त्यांचे पिड, म्हणजे प्रोसेसचे नंबर). हे दुसरं फंक्शन आपल्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या ९.६ आवृत्तीपासून आहे, त्यामुळे तू कुठूनतरी उचललेली पीजी_लॉक्स (सगळ्या लॉकची यादी) स्वतःलाच जोडणारी ती लांबलचक क्वेरी काढून टाक. मात्र ते फंक्शन दर सेकंदाला डॅशबोर्डवर फिरवत बसू नका, लॉक मॅनेजरला क्षणभर थांबवतं ते, हे पण लिही.

आता खरा घोळ कुठे होतो ते सांगतो, यावर मात्र हवं तर पानभर लिही. काउंटरवाल्यानं स्टॉकची एक ओळ अपडेट केली, कमिट न करता, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं न करताच, चहाला गेला. दुसऱ्याला तीच ओळ पाहिजे, तो थांबला. आपलं पोरगं पीजी_लॉक्समध्ये न मिळालेलं लॉक शोधतं, तर तिथे रिलेशनचा, म्हणजे टेबलाच्या नावाचा, कॉलम रिकामा, प्रकार ट्रान्झॅक्शनआयडी! त्याला वाटतं स्टॉक टेबलाचा काही संबंधच नाही. कारण ओळीचं लॉक त्या ओळीवरच डिस्कवर नोंदलेलं असतं, थांबलेला माणूस समोरच्याचं ट्रान्झॅक्शन संपायची वाट बघतो. आणि तिसरा आला की तो दुसऱ्याच्या मागे लागतो, म्हणजे त्याचा ब्लॉकर म्हणून दुसऱ्याचा पिड दिसतो, चहाला गेलेल्याचा नाही. पोरगं बिचाऱ्या दुसऱ्यालाच उडवणार. म्हणून ठळक लिही, ज्याला स्वतःला कोणीच अडवलेलं नाही तो मूळ ब्लॉकर, साखळी तिथपर्यंत न्यायची.

त्या मूळ ब्लॉकरची स्टेट आयडल इन ट्रान्झॅक्शन (ट्रान्झॅक्शन उघडं, पण नुसता बसून) असेल तर पीजी_कॅन्सल_बॅकएंडनं काही हलत नाही, चालू क्वेरीच नसते ना कॅन्सल करायला. पीजी_टर्मिनेट_बॅकएंड लागतं, आणि त्यानं त्याचं न कमिट झालेलं काम जातं, तेव्हा आधी त्या काउंटरला फोन लावायचा, हे तुझ्या ड्राफ्टमध्ये कुठेच नाही.

ऑल्टर टेबलचं, म्हणजे टेबलाची रचना बदलायच्या कमांडचं, पण टाक. एखादा मोठा रिपोर्ट चालू असताना कोणी कॉलम वाढवायला गेला की तो रिपोर्टमागे थांबतो, आणि सात रस्त्याला ट्रक आडवा घुसल्यासारखं मागचे साधे सिलेक्टपण अडकतात. तिथे लॉक_टाइमआउट आधी लावायचा, डिफॉल्ट ० म्हणजे किती पण वेळ थांब.

लॉग_लॉक_वेट्स ही सेटिंग चालू कर, म्हणजे डेडलॉक_टाइमआउट सेटिंगमधला वेळ, साधारण १ सेकंद, त्याहून जास्त कोणी थांबलं की लॉगमध्ये येईल. नमुन्याचं आउटपुट मात्र मनानं रचू नकोस, पीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसला कमांड द्यायचा प्रोग्रॅम) तीन खिडक्या उघड, जाम मुद्दाम कर, आलं ते जसंच्या तसं चिकटव.

आणि हो, पीजी_लॉक्समधला वेटस्टार्ट (कधीपासून थांबलाय तो) कॉलम पोस्टग्रेस १४ पासूनच आहे, जुन्या सर्व्हरवर तो वापरणारी क्वेरी एरर देईल. तिथे काय चालवायचं ते शेजारीच लिही. शनिवारपर्यंत पाठव, मी बघून देतो.