पीएचसीत बसून नवं संशोधन वाचायचं कसं?

डॉक्टर, तुमचा प्रश्न असा की गडचिरोलीकडच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) ओपीडी, लसीकरण, रिपोर्टिंग यातून वेळच उरत नाही. मग नवं संशोधन वाचायचं कधी, आणि व्हॉट्सॲपवर येतं त्यातलं खरं किती धरायचं?

सगळं वाचायचा नाद आधी सोडा. पबमेड या वैद्यकीय संशोधन शोधायच्या मोफत साइटवर साडेतीन कोटींच्या वर नोंदी आहेत. तिथे ओपीडीत अडलेला एकच प्रश्न घेऊन जायचं.

माझंच सांगतो. मागच्या वर्षी धानकापणीच्या तोंडावर तापाचे पेशंट वाढले. एका बाईच्या काखेत सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली होती, म्हणजे स्क्रब टायफस, बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. त्याच दिवशी ग्रुपवर मेसेज: 'स्क्रबला आता एकटी डॉक्सी चालत नाही, सोबत अझिथ्रो द्याच, जीव वाचतो.' रात्री पबमेडवर आजार आणि दोन्ही अँटिबायोटिक्सची (डॉक्सीसायक्लिन, अझिथ्रोमायसिन) नावं इंग्रजीत टाकली, डावीकडे 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल'वर (पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटून केलेली चाचणी) टिक केली. ढिगातून मोजकेच पेपर उरले. हवा होता तो त्यातच: न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, 2023, आणि अभ्यास आपल्याच देशातला, 794 पेशंटचा.

ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरचा सारांश, वाचायला पाच मिनिटं लागली. मेसेज अर्धाच खरा निघाला. पेशंट सगळे गंभीर, म्हणजे किमान एक अवयव बिघडलेले, आणि दोन्ही औषधं शिरेतून सात दिवस दिलेली. मृत्यू, सातव्या दिवशीही टिकलेली गुंतागुंत किंवा पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप, यातलं काही ना काही दोन्ही औषधं मिळालेल्या 33 टक्क्यांत दिसलं. एकट्या डॉक्सीत 47, एकट्या अझिथ्रोत 48. फरक मोठाच आहे. पण 28 दिवसांतले मृत्यू तिन्ही गटांत सारखेच! 'जीव वाचतो' हे मेसेज लिहिणाऱ्यानं पदरचं घातलं होतं. माझी बाई चालत आली होती, दम नाही, कावीळ नाही. तिला डॉक्सीच्या कॅप्सूल दिल्या. दम लागलेला आला असता तर त्याला गाडीत घालून वरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं असतं, आणि हा पेपर त्या वरच्या डॉक्टरच्या कामाचा.

म्हणून दोनच गोष्टी आधी बघा: पेशंट कोण होते आणि मोजलं काय. शेवटची ओळ तर सगळेच वाचतात.

शोधताना शब्दांचं भान ठेवा. 'स्नेक बाइट' टाकून हजारो पेपर येतात. घोणस हवी तर तिचं शास्त्रीय नाव 'डाबोइया' टाका, मण्यार हवी तर 'बंगारस'. पेपरला कोणते विषयशब्द लावलेत ते पानाच्या तळाशी 'मेश टर्म्स'मध्ये दिसतं. एक बरा पेपर सापडला की तिथलेच शब्द उचलून पुन्हा शोधायचं. मला हे फार उशिरा कळलं.

नेहमी लागणाऱ्या विषयांसाठी मोफत खातं उघडून शोधपेटीखालचं 'क्रिएट अलर्ट' दाबा. तिथे आठवड्याला असं निवडलं की नवे पेपर मेलवर येतात. मी स्क्रब, सिकलसेल आणि सर्पदंश एवढेच ठेवलेत. आधी अकरा ठेवले होते, मग मेल उघडणंच बंद झालं.

पूर्ण पेपर पैसे मागत असेल तर आधी 'फ्री फुल टेक्स्ट'चा फिल्टर लावून बघा. नाहीच मिळाला तर लेखकाला दोन ओळींचा मेल टाका. पीएचसीतला डॉक्टर विचारतोय म्हटल्यावर बरेच जण पीडीएफ पाठवतात. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च तर सगळ्यांना मोफतच आहे.

चॅटबॉटचं विचारलंत. शब्द सुचवायला तो बरा आहे. पण मला त्यानं एकदा विषबाधेवरचा पेपर दिला, लेखक, वर्ष, पान क्रमांक सगळं झकास, आणि पबमेडवर तसा पेपरच नाही! तेव्हापासून मी त्याच्याकडून पबमेडचा नोंद क्रमांक मागतो आणि तो स्वतः टाकून बघतो. दुसराच पेपर उघडला तर समजा, थाप आहे. आणि हो, टॉवर गेला की काही उघडत नाही, तेव्हा तालुक्याला मीटिंगला जाल तेव्हाच पीडीएफ उतरवून ठेवा.