'आधी जीव सांभाळ'

प्रश्न : मी २८ वर्षांची, सांगलीजवळच्या गावात शिक्षिका आहे. पंधरा दिवसांपूर्वी स्तनातली कॅन्सरची गाठ काढली, रिपोर्ट ईआर पॉझिटिव्ह आहे, म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणारी गाठ. तीन आठवड्यांनी केमो. लग्न ठरलंय, ते पुढे ढकललं. पुढे मूल होईल का, हे सर्जनना विचारणार होते, तर आई म्हणाली, 'आधी जीव सांभाळ, बाकीचं नंतर बघू.' मुलाकडचे म्हणतात, दोघांचं भ्रूण गोठवून ठेवा. पण हार्मोनच्या इंजेक्शनांनी आजार वाढला तर?

उत्तर : अंक तुमच्या हाती पडेपर्यंत केमो सुरू झालेली असेल, म्हणून संपादकांकडून नंबर घेऊन तुमच्याशी आधीच बोलले. हे उत्तर तुमच्यासारख्या इतरजणींसाठी.

आईवर रागावू नका, पण तिचं 'नंतर' इथे चालत नाही. मूल नंतर होईल, बीजं मात्र केमोच्या आधीच काढावी लागतात. स्त्रीबीजं जन्मतःच मोजकी असतात, आणि स्तनाच्या केमोत बऱ्याचदा असणारं सायक्लोफॉस्फामाइड हे औषध नेमका तो साठा खातं. पाळी परत आली म्हणजे साठा शाबूत राहिला, असंही नाही.

बीजं काढण्यासाठी पूर्वी पाळीची वाट पाहावी लागे. आता कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते. साधारण १० ते १४ दिवस रोज पोटावर बीजं वाढवणाऱ्या हार्मोनची बारीक सुई, अधूनमधून सोनोग्राफी. मग थोडी भूल देऊन योनिमार्गातून बीजं काढून घेतात, संध्याकाळी घरी. बीजं द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर राहतात. तुमच्या तीन आठवड्यांत हे बसतं, पण रोज एक दिवस कमी होतोय.

हार्मोनची भीती रास्त आहे. म्हणूनच ईआर पॉझिटिव्ह असेल तर सोबत लेट्रोझोलची गोळी देतात, ती इस्ट्रोजेन फार चढू देत नाही. आजवरच्या अभ्यासांत यामुळे आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही.

भ्रूणाचं म्हणाल तर २०२१ चा एआरटी, म्हणजे टेस्ट-ट्यूबसारख्या उपचारांचा, कायदा जोडपं म्हणजे विवाहित जोडपंच धरतो. तुम्ही एकटीच्या नावावर बीजं ठेवा. मुलगा कितीही चांगला असो, माझा सल्ला हाच असता. साठवणूक १० वर्षांपर्यंत. तिचे पैसे वेगळे पडतात, ते आधीच विचारून घ्या. आणि गोठवलेलं प्रत्येक बीज म्हणजे मूल नव्हे, हेही ऐकून ठेवा.

केमो चालू असताना बीजकोश झोपवून ठेवायला महिन्याला गोसेरेलिनचं इंजेक्शन देतात. जरूर घ्या, पण गोठवण्याऐवजी नको.

नंतर इस्ट्रोजेनला अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी किमान ५ वर्षं. मग मूल कधी? २०२३ मध्ये 'पॉझिटिव्ह' या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन, गरोदरपणासाठी त्या जास्तीत जास्त २ वर्षं थांबवलेल्या बायकांमध्ये पहिल्या काही वर्षांत आजार जास्त उलटला नाही. पुढची वर्षं अजून मोजली जाताहेत, म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

सर्जनना काय सांगू, असं तुम्ही फोनवर विचारलंत. एवढंच म्हणा, 'केमोची तारीख न हलवता बीजं गोठवायची आहेत, आजच कुणाकडे पाठवता?' बायोप्सीचा रिपोर्ट, केमोच्या औषधांची नावं आणि आधार कार्ड पिशवीत घाला. आणि आईला सोबत न्या. रोजची सुई टोचायला घरात कुणीतरी शिकलेलं बरं.