वाचाघाताची तपासणी उर्दूत

प्रश्न : माझे वडील उर्दू माध्यमात शिकले. पक्षाघातानंतर त्यांचे बोलणे तुटक झाले आहे. त्यांची तपासणी मराठीतून झाली, ती पुरेशी मानावी का?
– एक वाचक, मालेगाव

उत्तर : केवळ तिच्यावर निष्कर्ष काढू नये. बोलण्याचा ओघ, आकलन, पुनरुच्चार आणि वस्तूंची नावे सांगणे ही वाचाघाताच्या (मेंदूला इजा झाल्याने भाषा बोलण्या-समजण्यात येणाऱ्या अडचणीच्या) तपासणीची मुख्य अंगे असली, तरी इंग्रजी चाचणीचा शब्दशः उर्दू तर्जुमा करून भागत नाही, कारण प्रत्येक भाषेतील अवघड जागा निराळ्या असतात. 'लडके ने रोटी खायी' या वाक्यात क्रियापद रोटीप्रमाणे चालते; ते वडिलांना साधते का, हे पाहणे महत्त्वाचे. मात्र घरी दखनी (उर्दूची दख्खनमधील बोली) बोलली जात असेल, तर 'लडका रोटी खाया' हे त्यांचे नेहमीचे बोलणे असू शकते आणि तो दोष म्हणून नोंदवणे सरळसरळ अन्यायाचे ठरेल. म्हणूनच आजारापूर्वी ते घरी, बाजारात आणि लिहिताना कोणती भाषा वापरत, हे तज्ज्ञांना आधी सांगावे.

वाचनाच्या तपासणीत आणखी एक मुद्दा असतो. मेंदूच्या डाव्या भागास इजा झाल्यास कधीकधी उजवीकडचे दिसेनासे होते. उर्दू ओळ उजवीकडूनच सुरू होत असल्याने तिचा आरंभच निसटतो, आणि दृष्टीचा हा दोष भाषेचा समजला जातो. मजकूर डावीकडे सरकवून पुन्हा वाचायला दिल्यास फरक लक्षात येऊ शकतो. तज्ज्ञांना उर्दू येत नसल्यास घरातील व्यक्तीने दुभाषी व्हावे, पण उत्तर सुचवू नये आणि चुकीचा शब्द सुधारून सांगू नये.