'आपत्तिप्रवण नागरिक' म्हणजे कोण?

प्रश्न असा आहे: मुंबईतल्या एका विभागाचा हवामान आराखडा मराठीत लिहिताना 'व्हल्नरेबल', म्हणजे आपत्तीची झळ जास्त बसणाऱ्या, वस्त्यांना असुरक्षित म्हणावं, संवेदनशील, सुभेद्य की आपत्तिप्रवण?

पहिले तीन लगेच निकालात काढू. 'असुरक्षित वस्ती' वाचून कुणालाही वाटेल की अंधार पडल्यावर तिकडे जायचं नाही. शिवाय बोल रहिवाशांना लागतो. 'संवेदनशील वस्ती'त राखीव दलाची गाडी उभी असते. 'सुभेद्य' हिंदीतून आयात झालाय. भेदतात तो तट किंवा व्यूह, गोवंडीतलं पत्र्याचं घर नव्हे.

आता 'प्रवण'. हा शब्द इतका सुंदर आहे की त्याची चाललेली वाताहत पाहवत नाही. प्रवण म्हणजे उतार, डोंगराची उतरती बाजू. मग उताराचा 'कल' झाला आणि कल मनालाही लागला: भावनाप्रवण, धर्मप्रवण. म्हणून 'आपत्तिप्रवण नागरिक' याचा सरळ अर्थ ज्याला आपत्तीची ओढ आहे असा माणूस! जागा पूरप्रवण असते. डोंगरउतारावरची जागा दरडप्रवण असते, तिथे तर शब्द मूळ अर्थालाच भिडतो.

संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनिअर-विल्यम्स हा शब्द 'प्र' या उपसर्गावरूनच आला असावा असं म्हणून लॅटिन 'प्रोनुस'कडे (पुढे झुकलेला) बोट दाखवतात. आजचे भाषाशास्त्रीही बहुधा तिकडेच झुकतील. झुकोत. आपल्याकडची जुनी व्युत्पत्ती 'प्रु' धातूवरून आहे, आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'प्रु' आणि 'प्लु' शेजारी शेजारी बसलेत, दोन्ही गत्यर्थी, म्हणजे 'जाणे' या अर्थाचे. 'प्लु'वरून प्लव म्हणजे तराफा आणि प्लावन म्हणजे पूर. म्हणजे 'पूरप्रवण' या शब्दात पाणी दोनदा वाहतं. लॅटिनच्या एका साम्यासाठी हे सोडून द्यायचं? मी तरी सोडणार नाही.

हा शब्दच्छल नाही, नकाशा यावरच बिघडतो. हवामान बदलाच्या आंतरसरकारी समितीच्या २००७ च्या अहवालात धोक्याच्या वाटेत असणं हा व्हल्नरेबिलिटीचाच भाग होता. २०१४ च्या अहवालात तो वेगळा काढला. तेव्हापासून धोका, त्याच्या वाटेत कोण आहे, आणि त्यांना झळ किती बसेल अशा तीन गोष्टी धरतात. 'प्रवण' पहिल्या दोहोंपाशी संपतो. माटुंग्याचं गांधी मार्केट सखल, पावसात तुंबणारं, म्हणजे पक्कं पूरप्रवण. पण तिथल्या विमा उतरवलेल्या गाडीवाल्याला बसणारी झळ आणि त्याच एफ-उत्तर विभागात अँटॉप हिलच्या झोपडीत रोजंदारी बुडालेल्या बाईला बसणारी झळ एक नाही. विभागाची सरासरी काढली की दोघं एकमेकांत विरघळतात. म्हणून मोजणी वस्तीनिहाय हवी.

आधी उताराचा नकाशा करा: जमिनीची उंची, नाले, आणि साडेचार मीटरवरच्या भरतीत समुद्राकडची तोंडं बंद झाली की पाणी कुठे मागे फुगतं ते. झळेचा नकाशा वेगळा ठेवा: छत पत्र्याचं की स्लॅबचं, शौचालय घरात की सार्वजनिक, पाणी किती तास, एकटे वृद्ध किती. दोन्हींचे गुण बेरजेत घालू नका; बेरजेत चांगलं उत्पन्न वाईट उतार झाकून टाकतं. उष्णतेच्या नकाशाबाबत एक खबरदारी: उपग्रह पत्र्याच्या पृष्ठभागाचं तापमान मोजतो, खालच्या माळ्यावर झोपलेल्याला लागणाऱ्या हवेचं नाही.

'इक्विटी'लाही, म्हणजे ज्याची गरज जास्त त्याला जास्त या न्यायाला, 'समानता' लिहू नका. सगळ्या विभागांना सारखे पंप देणं ही समानता. पाणीवाटपाच्या चळवळीने 'समन्यायी' हा नेमका शब्द केव्हाच रुळवलाय, तो घ्या.

हां, मूळ प्रश्न. जागेच्या रकान्यावर 'पूरप्रवण', माणसांच्या रकान्यावर 'जास्त झळ बसणारी वस्ती'. चार शब्द होतात, रकाना रुंद करा.