नवीन एसएसडी कधी दिसतीय, कधी गायब!

प्रश्न: दादा, माझा लॅपटॉप २०१२ चा. हार्डडिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) बसवली, विंडोज टाकलं, थोडे दिवस एक नंबर चालला आणि आता मधेच 'नो बूटेबल डिव्हाइस' येतंय, बंद करून परत चालू केला की कधी होतो कधी नाही. राजारामपुरीत एका दुकानात दाखवला तर म्हणाले बोर्ड (मदरबोर्ड) गेलाय, एवढ्या जुन्या मशीनला एसएसडी झेपत नाही. खरंय का ओ?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: झेपत नाही वगैरे काही नसतं ओ, साटा म्हणजे डिस्क जोडायची पद्धत, हार्डडिस्क असो की एसएसडी, साटा म्हणजे साटा. एरर आली की लगेच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जा (चालू करताना दाबायचं बटण बऱ्याच मशीनला एफ२, काहींना एफ१०) आणि तिथं एसएसडीचं नाव दिसतंय का बघा. नावच नसेल तर विंडोज परत टाकून काही उपयोग नाही.

मला पहिला संशय फिटिंगचा आहे. जुनी हार्डडिस्क बहुतेक साडेनऊ मिलिमीटर जाड असते, एसएसडी सात, म्हणजे अडीच मिलिमीटरची फट राहते, आणि कुणी ट्रेचे स्क्रू न लावता तशीच सरकवली असेल तर लॅपटॉप जरा हलला की ती कनेक्टरमधून सुटते. बॅटरी काढून नीट बसवा, प्लास्टिकचा स्पेसर मिळतो तो लावा. काही मॉडेलला डिस्क ते बोर्ड अशी पातळ पट्टीची केबल असते, ती खराब झाली तर नुसती केबल बदलायची.

तरी तेच चाललं तर एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरवर मोठ्या फायली कॉपी करून बघा. तिथंही गायब झाली तर सरळ वॉरंटीत द्या. तिथं नीट चालली तर जुनी हार्डडिस्क परत आत लावा, ती पण गायब व्हायला लागली आणि केबल बदलूनही फरक नाही, तर मग बोर्डचं बोलू, आधी नाही.

आणि बायोसमध्ये नाव दिसतंय पण बूट होत नाही असं असेल तर तारीख बघा. चार्जर-बॅटरी काढल्यावर तारीख मागं जात असेल तर आतला सीमॉस सेल (बायोसची तारीख-सेटिंग जपणारी छोटी बॅटरी) संपलाय, त्यानं सेटिंग मूळपदावर जातं, लेगसीवर (चालू व्हायची जुनी पद्धत) टाकलेलं विंडोज यूईएफआय (नवी पद्धत) मोडमध्ये सापडत नाही. हे दुकानात सहसा कुणी बघत नाही राव! सेल फार महाग नसतो, बदला आणि बूट मोड परत पहिल्यासारखा करून सेव्ह करा.