देवनागरी कीबोर्ड दुकानात का मिळत नाही?

प्रश्न : मी औशाजवळच्या एका शाळेत शिकवते. मुलांसाठी कळांवर मराठी अक्षरं छापलेले कीबोर्ड हवे होते. लातुरातली दुकानं पालथी घातली, जिथं जावं तिथं "मॅडम, स्टिकर घेऊन जा". अक्षरं छापायला कंपन्यांना असा किती खर्च येतो?
– एक शिक्षिका, जि. लातूर

उत्तर : ताई, छापायला खर्च फारसा येतच नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीत पडण्याआधी मी वाळूजला प्लास्टिक मोल्डिंगच्या युनिटवर होतो, म्हणून सांगतो.

खरा पैसा डायमध्ये, म्हणजे कळा ओतायच्या साच्यात अडकतो. पोलादाची डाय लाखांत जाते. मग तिच्यातून दहा हजार नग काढा नाही तर पाच लाख, तिची किंमत तेवढीच. नग वाढले की प्रत्येकावरचा भार उतरतो. अक्षरं त्यानंतर येतात. साध्या कीबोर्डवर ती पॅड प्रिंटिंगनं (शिक्क्यासारखी छपाई) किंवा लेझरनं उमटवतात, तिथं प्लेट किंवा प्रोग्रॅम बदलला की भागलं. महागड्या 'डबल शॉट' कळांत मात्र अक्षरच दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकचं ओतलेलं असतं. अक्षर बदललं की डायचा तेवढा भाग नवा करा. त्या मालात मराठीची आशा सोडा.

मग साध्या मालात का नाही? घोडं अडतं ते साठ्यात. देवनागरी म्हटलं की लॉट वेगळा, खोका वेगळा, कोड वेगळा. इंग्रजी नग लातुरात पडून राहिला तर नांदेडला जाईल, नाही तर थेट चेन्नईला. देवनागरी पडून राहिला की डेड स्टॉक, आणि या धंद्यात मार्जिन मुळात चिमूटभर.

त्यात कुठल्या कळेवर कुठलं अक्षर, या मांडणीवर आपण मराठी माणसं एक कुठं आहोत? इनस्क्रिप्ट ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात आहे. पण डीटीपीवाले आणि टायपिंग क्लासची जुनी मंडळी टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी सोडत नाहीत, आणि पोरं रोमनमध्ये 'aai' ठोकून 'आई' मिळवतात. छापणाऱ्यानं कोणासाठी छापावं? गिऱ्हाईक आधीच थोडं, त्याचे पुन्हा तीन वाटे.

रास्पबेरी पाय ४०० हा कीबोर्डातच बसवलेला कॉम्प्युटर २०२० मध्ये आला, तो ब्रिटिश, अमेरिकी, जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश मांडणीत. जिथं लॉट उठेल तिथलीच भाषा आधी.

जे खोक्यात घालणं परवडत नाही, ते ॲक्सेसरी म्हणून बाहेर विकलं जातं. १९८१ चा सिंक्लेअर झेडएक्स८१ हा स्वस्त ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर घ्या. आधीच्या झेडएक्स८० मधल्या २१ चिपांचं काम चार चिपांत बसवलं, मेमरी १ केबीच ठेवली आणि तयार मशिन ६९.९५ पौंडांना विकलं. मेमरी कमी पडली? १६ केबीचा रॅम पॅक वेगळा घ्या! तुमचं स्टिकर त्याच जातीचं.

आता तुमचं काम. मुलांना इनस्क्रिप्टच शिकवा. विंडोजमध्ये ती आहेच आणि एकदा हातात बसली की हिंदीलाही चालते. स्टिकर घेताना पाकिटावर 'इनस्क्रिप्ट' वाचून घ्या, नुसतं 'मराठी' लिहिलेलं नको. लावण्याआधी कळा स्पिरिटनं पुसा, नाही तर घामट बोटांनी कडा उचलतात. एफ आणि जे वरचे उंचवटे झाकू नका, न बघता टाइप करताना बोटं तेच शोधतात. पाच-सहा शाळा मिळून एकाच मॉडेलचे काळे कीबोर्ड घेणार असाल, तर लेझर मार्किंगच्या जॉबवर्कवाल्याला भाव विचारा. काळ्या एबीएस प्लास्टिकवर अक्षर फिकट करडं उमटतं, पण नखानं निघत नाही. कळा पकडायच्या जिगचे (साच्यासारख्या चौकटीचे) पैसे तो एकदाच लावेल, म्हणून सगळ्या शाळांचा माल एकदमच न्या.