विमानप्रवासाला किती वेळ लागेल हे काढताना
नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वीच्या गोलावर लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून बघा. तो सरळ पश्चिमेला न जाता आधी थोडा उत्तरेकडे झुकतो. हाच खरा जवळचा रस्ता, साधारण ५,५५० किमी. विमानाच्या ताशी ९०० किमी वेगाने भागलं की सहा तासांहून थोडं जास्त येतं, पण तिथेच थांबू नका. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं यांचा वेळ धरावाच लागतो. शिवाय वारा! उंचावरचा जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, म्हणून जाताना आठेक तास लागतात, परतताना सातच्या आसपास. आणि तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. थेट वजाबाकी केलीत तर हमखास चुकाल, आधी दोन्ही यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत, आणा.